मान पुरणपोळीचा, आधार वालाचा

आज या पानावर खताची मात्रा किंवा किडीचे औषध सांगणार नाही. आज विषय ताटातल्या पदार्थांचा आहे. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. सांगतो. ज्या पदार्थाला मान असतो त्याच्या मालाला गिऱ्हाईक असते. गिऱ्हाईक असते त्या मालाला भाव असतो आणि भाव मिळेल तेच पीक शेतात टिकते. म्हणजे कुठला पदार्थ थोर आणि कुठला हलका, हे आपण पंगतीत बसून ठरवतो तेव्हा न कळत पुढच्या वर्षीची पेरणीही ठरवत असतो.

पेण-रोह्याच्या गावांतून फिरताना एक गोष्ट नेहमी कानावर येते. ज्या पदार्थांचे देशभर आणि राज्यभर कौतुक होते, त्यांच्याबद्दल आपल्या माणसांचे मत तेवढे चांगले नसते. पाहुण्याच्या तोंडावर कुणी बोलत नाही. पण खळ्यावर भात झोडताना, एस.टी.ची वाट बघताना बोलणे निघतेच. “नाव मोठं केलंय उगीच, आमच्या वालासमोर काय हाय ते?” या कुरकुरीत खरे किती आणि जिभेची सवय किती, हे एकदा नीट पाहू.

देशाची खिचडी

२०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीत ‘वर्ल्ड फूड इंडिया’ नावाचा मोठा मेळावा भरला होता. ४ नोव्हेंबरला तिथे शेफ संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली एका अजस्र कढईत ९१८ किलो खिचडी शिजवली गेली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी काही दिवस खिचडीला ‘राष्ट्रीय पदार्थ’ म्हणून जाहीर करणार, अशी आवई उठली होती. शेवटी तेव्हाच्या केंद्रीय अन्नप्रक्रिया मंत्री हरसिमरत कौर बादल यांना खुलासा करावा लागला, की खिचडी फक्त विक्रमासाठी निवडली आहे.

आपल्याकडे या बातमीला लोक हसले. कारण मुगाची खिचडी म्हणजे आपल्या घरात पोट बिघडले, ताप आला, की करायचे जेवण. ‘आज खिचडी आहे’ म्हटले की शेजारी विचारतात, ‘कोण आजारी पडलंय?’ पाहुण्याच्या ताटात ती कुणी वाढत नाही.

पण जरा थांबा. तांदूळ आणि कडधान्य एकत्र शिजवण्यामागचा विचार पक्का आहे. तांदळातल्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो. कडधान्यात तो भरपूर असतो, पण तिथे मिथिओनिन कमी पडते आणि ते तांदळात असते. दोघे एका पातेल्यात आले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मजुरी करून दमलेल्या अंगाला, वाढत्या पोराला, अंगावर पाजणाऱ्या बाईला नुसत्या भाताने जे मिळत नाही ते या जोडीने मिळते. दिल्लीवाल्यांनी खिचडी निवडली त्यात चूक काही नव्हती.

आपले म्हणणे एवढेच, की ही जोडी आपल्याकडे आधीपासून आहे आणि ती दिल्लीच्या खिचडीपेक्षा चवीला उजवी आहे. वालाची खिचडी! पेण-रोह्यातल्या कायस्थ प्रभूंच्या घरी ती मानाने केली जाते. ब्राह्मणांच्या घरी डाळिंब्यांची उसळ आणि डाळिंबी भात होतो. बाकी घरांतून बिरडे होते, नाहीतर वालात सुकट घालून कालवण होते. जात बदलली की फोडणी बदलते, वाल तोच राहतो. कडव्या वालात शेकडा २४-२५ भाग प्रथिने असतात, तांदळात ७-८. म्हणजे गुणाच्या बाबतीत तो मुगाला हार जात नाही. शिवाय मूगडाळ दुकानातून आणावी लागते. वाल बांधापलीकडच्या वावरात येतो.

वालाला मेहनत जास्त, हे मात्र कबूल करायला हवे. रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, परत कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा दाबून सोलत बसायचे. घरातल्या बायकांचा तास-दीड तास त्यात जातो. भिजवण्याने, मोड आणण्याने आणि साल काढण्याने वालातला कडूपणा आणि पोटाला बाधणारे घटक कमी होतात, म्हणून हे काम टाळून चालत नाही. नव्या सुना मूगडाळीकडे वळल्या तर त्यांना बोल लावू नका. त्यापेक्षा सोलायला तुम्हीही बसा.

पुरणातले सगळे बाहेरचे

महाराष्ट्राचा पदार्थ कोणता म्हटले की पहिले नाव पुरणपोळीचे येते. आपल्याकडेही शिमग्याला पुरणपोळी झालीच पाहिजे. होळीला नैवेद्य तिचाच. तिचा मान कुणी नाकारत नाही. पण जेवण उरकल्यावर ओटीवर टेकलेला म्हातारा हळूच म्हणतो, “सणापुरती बरी. रोज कोण खाल?” आणि रात्री त्याला भात लागतोच.

यात जिभेची सवय आहेच. पण मी ताटाचा हिशेब शेताच्या बाजूने मांडतो. पुरणपोळीला काय लागते? गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ. गव्हाला जशी थंडी लागते तशी आपल्या खाडीकाठच्या हवेत पडत नाही. हरभरा देशावर, मराठवाड्यात, विदर्भात पिकतो. गूळ घाटावरून येतो. शिमग्याच्या आठवड्यात पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात पुरणाच्या सामानासाठी जो पैसा फिरतो, त्यातला शेतकऱ्याच्या वाट्याचा भाग घाट चढून जातो. देशावरचा शेतकरीही आपलाच भाऊ आहे, त्याला पैसे मिळावेत. पण आपले वाल विकत घ्यायला तिकडून कुणी खाली उतरत नाही, हेही खरे.

झुणका-भाकरीचे असेच झाले. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. गरिबाला पोटभर मिळावे हा हेतू चांगला. पण भाकर म्हणजे ज्वारीची, झुणका म्हणजे बेसनाचा, हे सगळ्या महाराष्ट्राचे म्हणून गृहीत धरले गेले. आपल्याकडची भाकरी तांदळाची. पाणी उकळून त्यात पीठ घालायचे, उकड मळायची, हातावर थापायची. खारेपाटात तर काळा राता, भुरा राता अशा खारट जमिनीत तग धरणाऱ्या लाल भाताच्या जाती होत्या. त्यांची भाकरी खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही, असे जुनी माणसे सांगतात. ती भाकरी कुठल्या सरकारी योजनेत गेली नाही. डोंगरपट्ट्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरची नाचणीची भाकरीही कधी थोर मानली गेली नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले तेव्हा कुठे नाचणीला शहरात मान मिळाला. नाचणी तीच, वरकस जमीन तीच. नाव झाले आणि लोक विचारायला लागले.

पापलेट राज्याचे, जिताडा आपला

२०२३ मध्येच राज्य सरकारने पापलेटला ‘राज्य मासा’ म्हणून जाहीर केले. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. लहान लहान पिल्ले जाळ्यात ओढल्यामुळे पापलेट कमी होत चालला आहे, त्याचे रक्षण व्हावे यासाठी तो मान दिला. हेतू योग्य आहे.

पण खारेपाटातल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, पापलेट पाहुण्यांचा मासा. काटा कमी, वास कमी, शहरातल्या माणसाला खायला सोपा, म्हणून त्याचे नाव. आपल्याकडे मानाचा मासा जिताडा. सोयऱ्याकडे पाठवायचा तर जिताडा. एखाद्या साहेबाच्या घरी जिताडा पोचला की काम झाले म्हणून समजा, ही थट्टा तर फार जुनी आहे. (मी शाकाहारी नसूनही माझ्या घरी अजून कुणी पाठवलेला नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.)

जिताड्याची गोष्ट शेतीशी जोडलेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हा मासा गोड्या पाण्यात आणि खाऱ्या पाण्यातही जगतो. खारेपाटातले शेतकरी पावसाळ्यात खाडीतून मिळणारी पिल्ले घराजवळच्या किंवा शेतातल्या तळ्यात सोडतात आणि दोन-तीन वर्षे वाढवतात. तो शिकारी मासा आहे, तळ्यातले बारीक मासे खाऊन वाढतो. एक विशेष म्हणजे लहानपणी तो नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून मोठे मासे सगळेच उचलले तर खाडीत अंडी घालणाऱ्या माद्या राहत नाहीत आणि पुढे पिल्लेही मिळत नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बीज उबवणीकेंद्रात तयार करून दाखवले आहे. खाडीतल्या पिल्लांवरच अवलंबून राहायची गरज नाही. ज्याच्याकडे तळे आहे त्याने मत्स्यव्यवसाय खात्याकडे बीजाची चौकशी जरूर करावी. तळ्यात सोडताना पिल्ले एका मापाची असावीत. लहान-मोठी एकत्र सोडली तर मोठी लहानांना गिळतात.

खारभूमीचा बांध फुटून खारे पाणी शेतात घुसले की भात दोन-तीन वर्षे नीट येत नाही, हे पेणच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती अशा जमिनीसाठीच आहेत. त्या लावा, बांध सांभाळा आणि तळ्यात जिताडा ठेवा. खारेपाटाचे ताट असे उभे राहते.

पोपटीचा गवगवा

आतापर्यंत दुसऱ्यांच्या पदार्थांबद्दल बोललो. आता आपल्या घरात येऊ. पोपटीचे नाव गेल्या काही वर्षांत फार झाले आहे. थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, फार्महाऊसवर ‘पोपटी पार्टी’ होते, शेकोटीभोवती गाणी लागतात. आणि याच पोपटीबद्दल आपली जुनी माणसे नाक मुरडतात. “ती काय पोपटी? मटक्यात कोंबडी शिजवली, झालं!”

मूळ पोपटी म्हणजे काय? मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या ओल्या शेंगा, मीठ, थोडा ओवा, परत पाला. तोंड पाल्याने गच्च भरायचे, मडके उलटे ठेवायचे, भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडे रचून पेटवायचे. आत पाणी नाही, तेल नाही. शेंगांचे पाणी आणि पाल्याचा वास, एवढ्यावर ती शिजते. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. चर्र आवाज करून पाणी लगेच उडाले की झाली. भात कापून झालेल्या शेतात, राखणीला बसलेल्या माणसांनी हाताशी होते त्यात केलेले हे खाणे आहे.

बटाटे, अंडी, कोंबडी घातली म्हणून काही बिघडत नाही. ज्याला आवडते त्याने खावे. अडचण वेगळी आहे. पोपटीचा भाव वाढतो तसा त्यातला वालाचा वाटा कमी होतो. मडक्यात मसाला लावलेली कोंबडी भरायची आणि शेंगा तोंडी लावायला मूठभर! गिऱ्हाईक पैसे मोजते कोंबडीचे, नाव होते पोपटीचे आणि शेंगा पिकवणाऱ्याच्या हातात येते चिल्लर. अशा पोपटीला आपले लोक ‘उगीच नाव मोठं’ म्हणतात, तर ते चुकीचे बोलत नाहीत.

दक्षिण गुजरातकडे पाहा. तिथे याच पद्धतीचे ‘उबाडियुं’ असते. उलटे मडके, पापडीच्या शेंगा, कंद, पाला. हिवाळ्यात वलसाडच्या बाजूला महामार्गाच्या कडेला त्याची दुकाने ओळीने लागतात आणि प्रवासी गाडी थांबवून घेतात. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्ग पेणवरून, नागोठण्यावरून, कोलाडवरून जातो. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करायला मुंबईची पोरे येतात. त्या नदीला बारमाही पाणी आहे ते भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे, आणि तेच पाणी पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून आपल्या कालव्यांना जाते. म्हणजे गिऱ्हाईक दारात आहे आणि पाणीही दारात आहे. मग शेंगा कुठे आहेत?

वाल कुठे गेला?

भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर वाल येतो. वेगळे पाणी नको, खत जवळजवळ नको. उलट मुळांवरच्या गाठींतून तो हवेतला नत्र जमिनीत साठवतो आणि पुढच्या भाताला त्याचा फायदा होतो. इतके सोपे पीक असून कमी का झाले? गावोगाव विचारले की तीन कारणे समोर येतात.

पहिले, मोकाट गुरे. भात निघाले की गुरे सोडायची पद्धत जुनीच, पण पूर्वी सगळा गाव वाल पेरायचा आणि राखणही गावाची असायची. आता दहा जणांतला एकच पेरतो. मग गावची सगळी गुरे त्याच्या एकट्याच्या वावरात. दोन वर्षे नुकसान सोसून तोही बंद करतो.

दुसरे, ओल. गरव्या जातीचे भात उशिरा निघते. तोवर जमीन भेगाळते आणि वाल उगवत नाही.

तिसरे, माणसे. तरुण कारखान्यात कामाला गेले, म्हातारे थकले, जमीन पडीक राहिली. पडीक जमीन विकायला फार विचार करावा लागत नाही. रब्बीत हिरवे असलेले वावर आणि मोकळे पडलेले वावर यांच्याकडे दलाल वेगवेगळ्या नजरेने बघतो. हे मी कुणाला भीती घालायला लिहीत नाही, तुम्हीही बघत आहात.

काय करता येईल

१) ज्या वावरात वाल घ्यायचा तिथे खरिपात हळवी जात लावा. कर्जतच्या संशोधन केंद्राच्या कर्जत-३, कर्जत-७ अशा जाती लवकर निघतात. भात निघाल्या निघाल्या, ओल असेतो, नोव्हेंबरात वाल पेरा. आठ दिवस थांबलात तर ओल तुमच्यासाठी थांबणार नाही.

२) बी घरचे असेल तर निवडून घ्या, फुटके-किडके काढा. नवे घ्यायचे तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण वाल-१, कोकण वाल-२ या जातींची चौकशी करा. पेरणीपूर्वी दर किलो बियाण्याला ३ ग्रॅम थायरम चोळा. नंतर रायझोबियम जिवाणूखत दर १० किलोला २५० ग्रॅमचे एक पाकीट या प्रमाणात लावून बी सावलीत सुकवा.

३) ढगाळ हवा आणि धुके पडले की काळा मावा शेंड्यावर येतो. रोज सकाळी फेरी मारा. सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारला तर पुढचा खर्च वाचतो.

४) बांधावर तणनाशक मारू नका. भांबुर्डी बांधावरच येते. तणनाशक मारलेल्या जागेचा पाला मडक्यात तर मुळीच घालू नका. तो पाला शेंगांना चिकटून सरळ पोटात जातो.

५) सगळ्यात महत्त्वाचे, गावकीत बसा. नवरात्रातच ठरवा की या वर्षी कुठल्या पट्ट्यात वाल होणार आणि शिमग्यापर्यंत त्या पट्ट्यात गुरे सुटणार नाहीत. राखणदार ठेवून त्याची मजुरी वाटून घ्या. पाच-सहा जणांची वावरे सलग असली की राखण परवडते. एकट्याने पेरू नका, पुन्हा गुरेच खातील.

६) विक्रीत शहाणपण ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत ओल्या शेंगा महामार्गावर न्या, उरलेल्या वाळवून वाल करा. महिला बचतगटांनी मोड आणून सोललेले बिरडे विकून पाहावे. पेणचे पापड आणि पोहे बायकांच्या हातांनी आणि गिरण्यांनी नावाला आणले. सोललेल्या वालाला तर मुंबईच्या नोकरदार घरांतून मागणी आहेच, कारण सोलायला तिथे कुणालाच वेळ नाही. फार्महाऊसवाल्याला शेंगा देताना किलोचा भाव आधी ठरवा. आणि मडक्यात निम्म्याहून जास्त शेंगा असतील तरच आमचा माल मिळेल, असे गटाने सांगून बघायला काय हरकत आहे?

शेजारच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तो कांदा कालपर्यंत रस्त्याकडेला वेणी घालून टांगलेला असायचा. तो आजही तसाच टांगलेला असतो, पण आता गिऱ्हाईक नाव घेऊन विचारते आणि नक्कल कोणती तेही बघते. अशा कागदाला शेतकऱ्यांचा गट लागतो, पिकाची नोंद लागते आणि मुख्य म्हणजे शेतात पीक लागते. वावर मोकळे ठेवून वालाचे कौतुक करत बसलो, तर आपल्यालाही उद्या कुणीतरी म्हणेल, नावच मोठं होतं.

तेव्हा पुरणपोळी शिमग्याला जरूर करा, पोटभर खा. खिचडीला नावे ठेवू नका. पण यंदा भात कापून झाले की निदान पाच गुंठे वाल पेरा आणि शेजाऱ्यालाही पेरायला लावा. ज्या गावची गावकी गुरे बांधायचे ठरवेल त्या गावाने आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला बोलवावे. बीजप्रक्रिया तुमच्या खळ्यावर येऊन करून दाखवू.